एक रिंग गेली आणि मी फोन कट केला

प्रिय काका,

मी वसई तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. वय 34, शाळेत शिकवते. जुलैमध्ये माझे पप्पा गेले. रात्री साडेअकराला म्हणाले, छातीत जळजळतंय. जेवणात सुकट होती, म्हणून आम्ही सगळ्यांनी पित्त समजलं. मी लिंबू-सोडा करून दिला. त्यांना घाम येत होता, पण लाईट गेली होती, पंखा बंद, घाम सगळ्यांनाच येत होता. मी म्हटलं हॉस्पिटलला जाऊ. ते म्हणाले, एवढ्या पावसात कशाला, देव बघून घेईल, सकाळी जाऊ. आमच्या आळीत एका शेजाऱ्याकडे कार आहे. मी त्याला फोन लावला. एक रिंग गेली आणि मी कट केला. तो सेकंड शिफ्ट करून नुकताच आला असणार, असं मनात आलं. पहाटे चारला मम्मीने हाक मारली तेव्हा पप्पा गार पडले होते.

अंत्यविधीला सगळे म्हणत होते, देवाने बोलावलं, वेळ भरली होती. माझी मावशी प्रार्थनामंडळात जाते. ती म्हणते, देवाची योजना कोणी बदलू शकत नाही, तू रात्री नेलं असतंस तरी हेच झालं असतं. ऐकून दोन मिनिटं बरं वाटतं, मग चीड येते. दिवस ठरलेलाच होता तर मी फोन कट केला त्याला काही अर्थच नाही. आणि ठरलेला नव्हता, तर पप्पांना मी मारलं. यातलं खरं काय? फोनचं मी घरात अजून कोणालाच सांगितलेलं नाही. चर्चमध्ये मिस्साला (रविवारच्या उपासनेला) जाते, पण 'आमच्या स्वर्गातील बापा' म्हणताना 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही ओळ आली की तोंड बंद होतं.

तुमची एक वाचक

*

पोरी,

तुझं सगळं पत्र त्या एका रिंगभोवती फिरतंय, म्हणून मीही तिथूनच सुरू करतो.

रात्री नेलं असतं तर पप्पा वाचले असते का? वाचण्याची शक्यता वाढली असती. हार्ट अटॅक असेल तर हॉस्पिटल जितक्या लवकर गाठावं तितकं बरं, हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. तुला तर आहेच. म्हणूनच मावशीचं बोलणं तुला दोन मिनिटांच्या वर पुरत नाही. खोटं बोलून तुला तिसरं मिनिट मिळवून देणं मला जमणार नाही. पण 'शक्यता वाढली असती' आणि 'वाचलेच असते' यांच्यात अंतर आहे, आणि ते किती हे तुला कळणार नाही, डॉक्टरलाही छातीवर हात ठेवून सांगता यायचं नाही. (बाकीच्या वाचकांसाठी: छातीत जळजळ, घाम, हात किंवा जबडा जड पडणं, हे पित्त की हृदय ते घरी बसून ठरवू नका. 108 लावा. ॲम्ब्युलन्सवाल्याची झोप मोडेल ही भीती नको, तो त्याचसाठी जागा असतो.)

आता मावशी.

तरुणपणी मी तीन वर्षं सेमिनरीत, म्हणजे फादर व्हायचं शिक्षण घेत होतो. आत गेलो तेव्हा माझी आत्या म्हणाली, देवाची योजना. झगा टाकून परत आलो तेव्हा ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी ताट वाढता वाढता म्हणाली, देवाची योजना. लग्न ठरलं, तेव्हाही तेच. मी तेव्हा हसायचो. आता कळतं की आत्याच्या तोंडी ते वाक्य म्हणजे भांडण मिटल्याची खूण होती. झालं ते झालं, आता जेवायला बस. का झालं, ते ती सांगत नव्हतीच. तुझी मावशी मात्र तेच वाक्य कारण म्हणून सांगतेय. गफलत तिथे आहे.

त्यात एकट्या मावशीचा दोष नाही. वसईत आपण ख्रिस्ती होऊन चारशेहून जास्त वर्षं झाली, पण तोंडातले शब्द इथलेच राहिले, आणि इथल्या बोलण्यात देवाचं नाव निघालं की लिहिणं येतंच. पाचवीला सटवाई कपाळावर लिहून जाते. कपाळातलं चुकत नाही. दिवस भरले. अंत्यविधीला 'वेळ भरली होती' म्हणणारे निम्मे लोक छातीवर क्रुसाची खूण करून सटवाईचंच बोलत असतात. मला सटवाईचा राग नाही, माझ्या स्वतःच्या तोंडातही 'नशीब' दिवसातून चारदा येतं. पण ख्रिस्ती शिकवणीत देवाच्या या कामाला जे लॅटिन नाव आहे, प्रोव्हिडेन्शिया, त्याचा अर्थ पुढचं बघून केलेली तरतूद. तुझी मम्मी मे महिन्यात सुकट भरून ठेवते, लाकडं शाकारून ठेवते, त्या जातीची गोष्ट. लेख आणि तरतूद यांत मोठा फरक आहे. लेखाला तुझा हात लागत नाही. तरतुदीला लागतो, कारण डब्यातली सुकट कोणीतरी उठून भाजावी लागते.

मावशी बायबल वाचणारी आहे, ती लगेच स्तोत्र 139 काढेल. माझे सगळे दिवस तुझ्या पुस्तकात लिहिलेले होते, असं तिथे आहेच. काढू दे. मग तिला म्हण, आता यशया 38 काढ. यहूदाचा राजा हिज्कीया आजारी पडतो आणि खुद्द यशया संदेष्टा देवाचा निरोप आणतो की घरची व्यवस्था लाव, तू आता वाचत नाहीस. याहून पक्का लेख कुठला असणार? हिज्कीया भिंतीकडे तोंड फिरवून रडतो, प्रार्थना करतो. यशया परत येतो आणि सांगतो, देवाने तुझे अश्रू पाहिले, तुला आणखी 15 वर्षं दिली. इथपर्यंतची गोष्ट प्रार्थनामंडळात हमखास सांगतात. पुढचं वाक्य मी फारसं कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. देवाने शब्द दिल्यानंतरही यशया सांगतो, अंजिराचं पोटीस करा आणि राजाच्या गळवावर बांधा.

मला हे पोटीस फार आवडतं. 15 वर्षं देवाने दिली, आणि अंजीर कोणा नोकराने ठेचले. राजा कशाने बरा झाला, प्रार्थनेने की अंजिराने, असा प्रश्न ती गोष्ट सांगणाऱ्याला पडलेलाच नाही. आपल्या कॅथलिक बायबलात सिराकचं पुस्तक आहे (प्रोटेस्टंट मंडळींच्या बायबलात ते नसतं), त्याच्या 38 व्या अध्यायात तर सरळ सांगितलंय की आजारी पडलास तर देवाची प्रार्थना कर आणि वैद्यालाही त्याची जागा दे, कारण त्यालाही देवानेच निर्माण केलंय. तेव्हा 'देव बघून घेईल, सकाळी जाऊ' यातला पहिला अर्धा भाग श्रद्धेचा होता. दुसरा अर्धा पावसाचा होता.

पण तुझ्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा प्रसंग प्रेषितांची कृत्ये, अध्याय 27 मध्ये आहे. तू समुद्राकाठची आहेस, तुला तो नीट दिसेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो. येशूचा प्रेषित पौल कैदी म्हणून रोमला चाललाय. गव्हाने भरलेलं तारू, त्यावर 276 माणसं. हवा फिरलेली. पौल बजावतो की आता पुढे जाऊ नका. युल्य नावाचा शताधिपती, म्हणजे शिपायांचा रोमन नायक, पौलापेक्षा तारवाच्या कप्तानाचं ऐकतो, जे कोणीही केलं असतं. मग वादळ. कित्येक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत, कोणाच्या पोटात अन्न नाही. तेव्हा पौल मधोमध उभा राहून दोन वाक्यं बोलतो. पहिलं: तुम्ही माझं ऐकून क्रेत बेटाहून निघायलाच नको होतं, हे नुकसान टळलं असतं. दुसरं: पण धीर धरा, देवाच्या दूताने मला रात्री सांगितलंय, तारू जाईल, तुमच्यातला एकही जीव जाणार नाही.

ही दोन वाक्यं एकाच दमात एकाच माणसाने म्हटलेली आहेत. 'असं करायला नको होतं' आणि 'देव सांभाळतोय'. तुला वाटतं यातलं एक धरलं की दुसरं सोडावं लागतं. पौलाला तसं वाटलेलं दिसत नाही.

पुढे चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याचा वास लागतो. दोर सोडून पाणी मापतात, 20 वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट). थोडं पुढे, 15 वाव. खडकावर आपटू म्हणून मागल्या बाजूने चार नांगर टाकतात आणि उजाडण्याची वाट बघत बसतात. अशात काही खलाशी पुढूनही नांगर टाकायचं निमित्त करून छोटी होडी पाण्यात सोडतात. त्यांना पळायचं असतं. आता बघ, एकही जीव जाणार नाही हा देवाचा शब्द मिळालेला आहे. मावशीच्या हिशोबाने पौलाने निवांत झोपायला हवं होतं, कारण ठरलंय ते चुकत नाही. पौल उठतो आणि शताधिपतीला सांगतो, ही माणसं तारवावर राहिली नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई दोर कापतात, होडी काळोखात वाहून जाते. सकाळी तारू रेतीत रुततं आणि फुटतं. कोणी पोहत, कोणी फळीवर, कोणी लाकडाच्या तुकड्यावर असे 276 जण माल्टाच्या किनाऱ्याला लागतात.

दोर कापला नसता तर काय झालं असतं? पौल म्हणतो, वाचला नसता. देवाचं वचन खोटं ठरलं असतं का मग? पौल त्यावर काही बोलत नाही. त्याला देवाचा शब्द दोर न कापण्याचं कारण वाटला नाही, एवढंच आपल्याला दिसतं.

तुझ्या पत्रातला पेच याच गाठीचा आहे. तू मला दोन खाने दिलेस, देवाने केलं की मी केलं. संत थॉमस अक्वायनस (तेराव्या शतकातला, आम्हाला सेमिनरीत सकाळ-संध्याकाळ हाच) म्हणतो की कामाची अशी वाटणीच होत नाही. थोडं देवाचं आणि थोडं माणसाचं, असं नसतं. सगळं काम देवाचं आणि सगळंच माणसाचंही, दोन वेगळ्या पातळ्यांवर. देव आपल्या शेजारच्या खुर्चीत बसलेला दुसरा माणूस नाही, की त्याने जास्त केलं तर आपल्या वाट्याला कमी उरेल. हे वाचून तुझं समाधान होणार नाही. माझंही विसाव्या वर्षी झालं नव्हतं. पण निदान प्रश्न कुठे चुकतोय ते त्याने दाखवलं.

आणि उत्तर कोणालाच पुरतं सापडलेलं नाही, हेही तुला सांगून टाकतो. 1588 साली मोलिना नावाच्या स्पॅनिश जेझुइटाने पुस्तक लिहिलं, देवाची कृपा आणि माणसाची मोकळी इच्छा यांचा मेळ कसा बसतो यावर. (जेझुइट आणि डोमिनिकन हे कॅथलिक धर्मगुरूंचे दोन संघ.) डोमिनिकन धर्मगुरू भडकले. त्यांचं म्हणणं, तू माणसाला इतकं मोकळं सोडलंस की देवाला काही करायलाच ठेवलं नाहीस. जेझुइट म्हणाले, तुमच्या देवाने माणसाची कठपुतळी केली. दोन्हीकडे त्या काळातली अव्वल डोकी. प्रकरण रोमला गेलं, वर्षानुवर्षं सुनावण्या झाल्या, आणि 1607 मध्ये पोप पाचवे पॉल यांनी ती संपवली. निकाल? कोणीही जिंकलं नाही. दोघांनीही आपापलं मत ठेवावं, एकमेकांना पाखंडी म्हणू नये. मला हा सगळ्या धर्मइतिहासातला एक शहाणा निकाल वाटतो. तेव्हा जे रोमला जमलं नाही ते कोणी शवपेटीशेजारी उभं राहून एका वाक्यात सोडवत असेल, तर मान डोलव आणि त्यांना चहा विचार.

आता हिशोब करू, कारण तू आकडे चुकवतेयस.

पहिला चुकलेला आकडा पप्पांचा. ते लहान मूल नव्हते. तू 'जाऊ' म्हणालीस, ते 'नको' म्हणाले. मोकळी इच्छा फक्त तुलाच दिलेली नव्हती. त्या रात्री त्यांनी आपली वापरली, नेहमीप्रमाणे दुसऱ्याला त्रास नको म्हणून. असा बाप असला की मुलगीही एका रिंगनंतर फोन कट करते, शेजाऱ्याची झोप मोडू नये म्हणून. हे तू कुठून शिकलीस ते मला सांगायला नको.

दुसरा आकडा म्हणजे तुला काय माहीत होतं. आज तुझ्याकडे पहाटेचे चार आहेत, साडेअकराला ते नव्हते. तेव्हा तुझ्याकडे सुकट होती, बंद पंखा होता आणि पाऊस होता. गंभीर पाप व्हायला तीन गोष्टी लागतात, हे तू धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकली असशील. गोष्ट गंभीर असावी, ती तशी आहे हे पुरतं ठाऊक असावं, आणि ठाऊक असून जाणूनबुजून केलेली असावी. तुझ्या बाबतीत पहिलीच तेवढी आहे. 'पप्पांना मी मारलं' हे वाक्य खोटं आहे, आणि स्वतःबद्दलचं असलं तरी खोटं ते खोटंच. 'मी फोन पुरा लावायला हवा होता' हे वाक्य मात्र खरं आहे, ते तुझ्याजवळ राहू दे. पौलाचं 'क्रेतहून निघायला नको होतं' हे जसं दोन हजार वर्षं पुस्तकात राहिलंय तसं. पुढे कधी कोणाच्या छातीत जळजळलं, तर तू दुसरी रिंग जाऊ देशील.

पापनिवेदनाला जावंसं वाटलं तर जा. फादर तुला बहुतेक हेच सांगतील, पण दुसऱ्या माणसाच्या कानावर मोठ्याने घालण्यात काही वेगळं असतं. घरातलं म्हणशील, तर मम्मीला फोनचं सांग. घाईने नको, आणि बाराजण बसलेले असताना तर नकोच. एक लक्षात ठेव, मम्मी जेव्हा म्हणते 'देवाने बोलावलं', तेव्हा तिला मावशीच्या रांगेत उभं करू नकोस. चाळीसएक वर्षं सोबत राहिलेला नवरा शेजारून उठून गेला, तो कुठेतरी पोचलाय असं ती म्हणतेय. ते सिद्धांत म्हणून तपासायला जाऊ नकोस. बायबलात सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे तीन मित्र त्याच्याजवळ सात दिवस, सात रात्री जमिनीवर गप्प बसले होते, तोवर ते चांगले मित्र होते. मग त्यांनी कारणं सांगायला सुरुवात केली, आणि शेवटी देव त्यांच्यावर रागावला. मावशीशी वाद घालायचाच असेल तर हा मुद्दा वापर, मम्मीशी नको.

'आमच्या स्वर्गातील बापा'मधल्या ओळीचं काय करायचं? काही करू नकोस. तिथे गप्प राहा. ती प्रार्थना 'आमच्या'पासून सुरू होते, तुझ्या आजूबाजूचे शंभर जण ती ओळ म्हणतायत, तेवढे आठवडे ते तुझ्या वाटची म्हणतील. आणि ज्या येशूने ही ओळ शिकवली, त्याला स्वतःला ती पकडला जाण्याच्या रात्री गेथशेमानेच्या बागेत कशी म्हणावी लागली ते आठव. आधी त्याने मागितलं की हा प्याला माझ्यापासून दूर कर. मत्तयच्या शुभवर्तमानात तो तीनदा तीच प्रार्थना करायला जातो. इच्छा असणं आणि ती देवाला तोंडावर सांगणं, एवढं तर त्यानेही केलं. तू सध्या पहिल्या अर्ध्या भागावर आहेस, असं समज.

आणि त्या शेजाऱ्याकडे एकदा जा. तुझ्या पत्रात तो सकाळी काय म्हणाला हे नाही, पण त्याच्या फोनवर रात्री पावणेबाराचा मिस्ड कॉल आहे, आणि सकाळी त्याने तुमच्या दारात माणसं जमलेली पाहिली आहेत. त्याने तो तेव्हा पाहिला की नंतर, जागा होता की झोपलेला, परत लावावा असं त्याच्या मनात आलं होतं का, यातलं आपल्याला काही माहीत नाही. जुलैपासून त्याने तुला त्याबद्दल विचारलेलंही दिसत नाही. 2 नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी तो मेणबत्त्या लावायला सिमेट्रीत येईलच. कबरीपाशी नको, गेटजवळ गाठ. म्हण, त्या रात्री मी तुम्हाला फोन लावला होता.

तुझा,
काका